मागच्या जन्माचा पंचनामा

या देशात गरीब माणूस मेला की त्याचे दोन पंचनामे होतात. एक पोलीस करतात. त्यात तारीख असते, जागा असते, पंचांच्या सह्या असतात आणि कंत्राटदाराचं नाव बहुतेक वेळा नसतं. दुसरा पंचनामा मैतीला जमलेली माणसं करतात. 'भोग होते, भोगून संपले.' 'मागच्या जन्मीचं देणं होतं.' 'सटवीनं लिवलेलं कुणाला चुकतंय?' झाला पंचनामा पुरा. आरोपी सापडला. तिरडीवर झोपलाय तोच आरोपी.

पहिल्या पंचनाम्याविरुद्ध आपण मोर्चे काढतो, पोलीस ठाण्यावर ठिय्या देतो. दुसऱ्याविरुद्ध कुणी ब्र काढत नाही. कारण तो करणारी आपलीच आत्या असते, आपलाच चुलता असतो, आणि मैतीच्या घरात वाद घालायचा नसतो. म्हणून या अंकाचं संपादकीय त्या दुसऱ्या पंचनाम्यावर. पहिल्यात खोटं लिहिलं तर कोर्टात भांडता येतं. दुसऱ्यात भांडायचं कुणाशी? मागच्या जन्माचा साक्षीदार आणायचा कुठून?

गेल्या वर्षी आमच्या भागात गटाराच्या चेंबरमध्ये दोघे मेले. पहिला उतरला आणि आतच पडला. दुसरा त्याला काढायला उतरला, तोही वर आला नाही. दोघेही कंत्राटावरचे. हातमोजे नाहीत, दोर नाही, मास्क नाही. तिसऱ्या दिवशी मी त्यातल्या एकाच्या घरी गेलो. बायको बावीस-तेवीस वर्षांची, लग्नाला दोन वर्षं झालेली. कुठल्याशा सत्संगाचा एक माणूस पांढरे कपडे घालून बसला होता आणि तिला समजावत होता, "ताई, त्यांचं प्रारब्ध तेवढंच होतं. तुमचंही काही संचित असणार, त्याशिवाय या वयात असं होत नाही." ती मान खाली घालून ऐकत होती. दारातली बाई दुसरीच्या कानाला लागली होती, "पोरगी पांढऱ्या पायाचीच निघाली." म्हंजे नवरा मेला त्याच्या पापानं आणि तिच्या पायगुणानं. चेंबरचं झाकण उघडून त्याला आत ढकलणारा मुकादम कुणाच्याच पंचनाम्यात नाही.

आता खरं कारण वाचा. साचलेल्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू निघतो. तो हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी बसतो. थोडा असेल तर कुजक्या अंड्याचा वास येतो. जास्त असेल तर नाकच बधिर होतं. म्हंजे ज्या घडीला धोका सर्वांत मोठा, त्याच घडीला वास जातो. माणसाला वाटतं, घाण वास गेला, आता उतरायला हरकत नाही. दोन-चार श्वासांत तो कोसळतो. वरच्याला वाटतं चक्कर आली असेल, म्हणून तो दोस्ताला काढायला उडी टाकतो, आणि तोही जातो. एकामागून एक माणसं जातात ती अशी. यात गूढ काही नाही. माणूस आत उतरवायचाच नाही, यंत्रानं काम करायचं. आणि कुणी उतरलाच तर आधी आतली हवा मोजायची, आत ताजी हवा सोडायची, तोंडाला हवेची नळी लावायची, कमरेला दोर बांधायचा, वर माणसं उभी करायची. या सगळ्याला पैसे लागतात. प्रारब्ध फुकट मिळतं.

कायदा तरी काय म्हणतो? हातानं मैला काढायला बंदी घालणारा पहिला कायदा १९९३ चा. दुसरा २०१३ चा. त्याच्या सातव्या कलमानं संरक्षणाशिवाय गटारात आणि सेप्टिक टाकीत माणूस उतरवायला बंदी घातली. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद. सुप्रीम कोर्टानं मार्च २०१४ मध्ये सांगितलं, १९९३ पासून गटारात मेलेल्या प्रत्येकाच्या घराला दहा लाख द्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच कोर्टानं ती रक्कम तीस लाख केली. आता हिशेब करा. मरण गटारानं झालं असं कागदावर आलं तर कुणाला तरी तीस लाख द्यावे लागतात, कुणावर तरी गुन्हा लागतो. मरण भोगानं झालं तर कुणालाच काही द्यावं लागत नाही. मैतीला पांढरे कपडे घालून येणाऱ्याला हे ठाऊक असेल-नसेल, पण तो कंत्राटदाराची वकिली करतोय, आणि तीही बिनफीची.

ही वकिली आजची नाही. छांदोग्य उपनिषदाचा पाचवा अध्याय काढून बघा. ज्यांचं आचरण चांगलं ते ब्राह्मण, क्षत्रिय, वैश्य यांच्या पोटी जन्मतात, असं तिथं आहे. ज्यांचं आचरण घाण ते कुठं जन्मतात? कुत्रीच्या पोटी, डुकरिणीच्या पोटी, नाहीतर चांडाळणीच्या पोटी. एकाच रांगेत तिन्ही. आपली विद्यापीठं ज्या ग्रंथांना मानवजातीचं तत्त्वज्ञान म्हणून शिकवतात त्यातली ही रांग आहे. मनूनं पुढं जाऊन सगळी यादीच केली. ब्राह्मणाचा खून करणारा पुढच्या जन्मी कुत्रा, डुक्कर, गाढव, उंट होतो, आणि चांडाळ आणि पुल्कस होतो. हा बारावा अध्याय. म्हंजे तुम्ही-मी आईच्या पोटातून बाहेर आलो तेच खुनाचा गुन्हा अंगावर घेऊन. न्याय झालेला, शिक्षा चालू. शिक्षा भोगणाऱ्याला पाणवठ्यावर येऊ दिलं नाही तर त्यात अन्याय कसला? हा साला युक्तिवाद किती बिनचूक आहे बघा. जुलूम करणाऱ्याला जल्लाद करून टाकलं, आणि जल्लादावर खटला चालत नाही.

२५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली ती म्हणून जाळली. कागद जळला. पण त्यातला युक्तिवाद आपल्या बोलण्यात जिवंत राहिला.

२००७ साली गुजरातेत 'कर्मयोग' नावाचं एक पुस्तक छापलं गेलं. तेव्हाचे तिथले मुख्यमंत्री नरेंद्र मोदी यांची भाषणं त्यात होती. वाल्मीकी समाज पिढ्यान् पिढ्या मैला साफ करतो तो नुसता पोटासाठी नसणार, कधीतरी कुणाला तरी साक्षात्कार झाला असेल, हा आध्यात्मिक अनुभव असणार, असा त्यातला सूर. दोस्तांनो, इथं शिव्या नाहीत. उलट गौरव आहे. पण पाप म्हणून गटारात उतरवा की पुण्य म्हणून उतरवा, चेंबर तेच, वायू तोच, आणि उतरणाऱ्याची जातही तीच. आणि समजा इतका मोठा साक्षात्कार तिथं होतो, तर बाकीच्या जातींनी त्याचा मोह एवढी शतकं कसा काय आवरला?

आपल्या मराठी मातीतली गोष्ट घ्या. चोखोबा. मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत बांधायला वेठीनं नेलेला महार. १३३८ साली ती भिंत कोसळली आणि तो बाकीच्या मजुरांबरोबर खाली गाडला गेला. पुढची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. नामदेव गेले, ढिगाऱ्यातल्या हाडांना कान लावले, ज्या हाडांतून विठ्ठल विठ्ठल ऐकू आलं ती चोखोबाची. ती हाडं पंढरीला महाद्वारासमोर पुरली. देवळात घेतलं नाही ते मेल्यावरही. ही गोष्ट किर्तनात शेकडो वर्षं सांगितली जातेय आणि माणसं डोळे पुसतायत. पण भिंत का पडली, बांधायला कुणी लावली, मजुरी किती ठरली होती, बाकीची हाडं कुणाची, त्यांच्या बायकापोरांचं पुढं काय झालं, हे एकाही किर्तनकारानं विचारलेलं मी ऐकलं नाही. हाडांना बोलतं केलं, पण बोलायला लावलं ते देवाचं नाव. मुकादमाचं नाव नाही.

आणि खुद्द चोखोबाच्या नावावर असलेल्या अभंगांत दोन्ही आहे. आम्हाला हीन जात का दिलीस म्हणून देवाला जाब विचारणंही आहे, आणि हा विटाळ म्हणजे आमच्याच पूर्वीच्या कर्माचं फळ, अशी कबुलीही आहे. आपल्या पहिल्या कवीच्या तोंडात ही कबुली कुणी घातली? तो काही मनू वाचायला बसला नव्हता. वाचायची बंदीच होती. पण ज्या हवेत श्वास घ्यायचा त्या हवेतच ते मिसळलेलं होतं, नाक बधिर करून टाकणाऱ्या त्या वायूसारखं. बाबासाहेबांनी १९४८ साली आपलं अस्पृश्यांवरचं पुस्तक नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांना अर्पण केलं. माणसाला मान दिला. त्याच्याकडून वदवून घेतलेल्या कबुलीला मान दिला नाही. आपणही तसंच करायचं.

पुढं २ जुलै २०१९. मालाड पूर्व, पिंपरीपाडा. रात्रीचा पाऊस, पालिकेच्या जलाशयाची भिंत झोपड्यांवर कोसळली. तीसच्या आसपास माणसं मेली, त्यात पोरं होती. चोखोबानंतर जवळजवळ सातशे वर्षांनी. भिंतीखाली झोपणारी माणसं त्याच थरातली. आता या तिसांचं मागच्या जन्मीचं पाप एकाच रात्री, एकाच भिंतीखाली कसं जमा झालं? नुसतं एवढं विचारलं तरी अध्यात्माची बोबडी वळते. आणि भिंतीला पाणी वाहून जायला वाट होती का, भिंतीच्या पायथ्याशी माणसांना का राहावं लागलं, पुनर्वसनाचं काय झालं, असं विचारलं की अधिकाऱ्यांची वळते. दोघांची बोबडी एकाच प्रश्नाला वळते हे ध्यानात ठेवा.

आता कुणी म्हणेल, हे माणसानं केलेलं झालं, पण रोगाचं काय? आंधळं, लुळं, पांगळं जन्माला येतं त्याचं काय? मनूकडे त्याचीही यादी आहे, अकराव्या अध्यायात. सोनं चोरणाऱ्याची नखं किडकी, दारू पिणाऱ्याचे दात काळे, ब्राह्मण मारणाऱ्याला क्षय, गुरूच्या बायकोकडे जाणाऱ्याला कातडीचा रोग. वेडे, मुके, आंधळे, बहिरे हेही असेच उरल्या पापाचे. त्यांची निंदा सज्जनांनी करावी ती करावीच.

माझ्या थोरल्या बहिणीचा, आक्काचा, उजवा पाय पोलिओनं गेला. मी लहान होतो. गावातल्या एका जाणत्या म्हणवणाऱ्या बाईनं तिला सगळ्यांदेखत विचारलं होतं, "मागच्या जन्मी कुणाला लाथ मारलीस गं?" सात वर्षांच्या पोरीला! आक्का पुढं कित्येक वर्षं रात्री विचारायची, आये, मी खरंच कुणाला मारली असंल का? आईजवळ उत्तर नव्हतं. आई उपास करायची. उत्तर असं होतं की आक्काला डोस मिळाला नव्हता. डोस मिळाला नव्हता कारण लस घेऊन येणारी बाई वरच्या आळीत यायची, चहा घ्यायची आणि तिथूनच परत फिरायची. आमची वस्ती ओढ्याच्या पलीकडे होती.

१९९५ ला देशभर पल्स पोलिओ सुरू झाला. घरोघर, वाडीवस्तीवर, रेल्वे फलाटावर पोरांच्या तोंडात थेंब टाकले. देशातला जंगली पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, पश्चिम बंगालातला. मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. मग मला सांगा, १३ जानेवारी २०११ नंतर या देशात एकाही पोराचं मागच्या जन्मीचं पाप पायात का उतरलं नाही? सगळे पापी एकदम संपले? देवीचा रोगही असाच. देवीचा कोप म्हणायचे, मरीआईचा गाडा गावाबाहेर ढकलायचे. १९७५ नंतर या देशात देवी कुणाच्या अंगावर आली नाही, लस टोचली म्हणून. महारोग म्हणजे पाप, म्हणून माणसं गावाबाहेर हाकलली. त्याचा जंतू हॅन्सेननं १८७३ सालीच दाखवला होता. १९८० नंतर दोन-तीन औषधांचा एकत्र मारा सुरू झाला आणि पाप गोळ्यांनी बरं व्हायला लागलं. कारण सापडलं की पाप पळतं. पाप तिथंच उरतं जिथं कारण शोधायला कुणी जात नाही. आणि ओढ्याच्या पलीकडे कारण शोधायला कोण जातं?

उलट कारण शोधायचं नाही असं ठरवलं की काय होतं ते कर्नाटकात कुक्के सुब्रमण्यला बघा. कातडीचे रोग जावेत, दोष फिटावेत म्हणून ब्राह्मण जेवून उठल्यावर त्यांच्या उष्ट्या पानांवर माणसं लोळायची. मडेस्नान. ते बंद करायला २०१७ चा कायदा लागला.

हा रोग फक्त आपल्या देशात आहे असंही समजू नका. १९९९ च्या जानेवारीत इंग्लंडच्या फुटबॉल संघाचा प्रशिक्षक ग्लेन हॉडल एका मुलाखतीत बोलून गेला की अपंग माणसं मागच्या जन्मीच्या कर्माची फळं भोगतात. तिकडे गहजब झाला. फेब्रुवारीच्या २ तारखेला त्याची नोकरी गेली. आपल्याकडे असं बोलणाऱ्याला सतरंजी अंथरतात, माइक देतात.

आणि बाईचं तर विचारूच नका. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत बसमध्ये त्या मुलीवर बलात्कार झाला, ती मेली. जानेवारी २०१३ मध्ये आसाराम बापू प्रवचनात म्हणाला की तिनं मंत्र म्हटला असता, एकाला भाऊ मानून हात जोडले असते तर असं झालं नसतं; टाळी एका हातानं वाजत नाही. त्याच वर्षी तो स्वतः पकडला गेला. एप्रिल २०१८ मध्ये जोधपूरच्या कोर्टानं त्याला अल्पवयीन मुलीवरच्या बलात्काराबद्दल जन्मठेप दिली. बळी पडणाऱ्याला पापी ठरवण्यात कुणाचा फायदा असतो, याचा यापेक्षा उघडा पुरावा मला माहीत नाही.

इथं थोडं थांबून एक अवघड गोष्ट सांगतो. हे हत्यार आपल्या बाजूनं चाललं तरी ते घ्यायचं नाही. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. मुंगेर, मुझफ्फरपूर भुईसपाट. हजारो मेले. गांधी म्हणाले, अस्पृश्यतेच्या पापाची ही देवानं दिलेली शिक्षा. ऐकायला बरं वाटतं ना? सवर्णांना देवानं हाणलं! पण ढिगाऱ्याखाली कोण होतं? अस्पृश्यता पाळणारे होते आणि जिच्यावर पाळली जायची तीही माणसं होती. देवाचा नेम इतका वाईट? रवींद्रनाथ टागोरांनी तेव्हाच खडसावलं की निसर्गातल्या घटनेला निसर्गातलंच कारण असतं, असं बोलून लोकांना अंधारात ढकलू नका. गांधींनी ते आपल्या 'हरिजन'मध्ये छापलं, आणि आपलं म्हणणं सोडलं नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला माणसं मेली ती दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचं जड धाबं अंगावर आलं म्हणून. तिथं पापपुण्य शोधणारा, मग तो कुणाच्याही बाजूचा असो, भिंतीवरून आपलं लक्ष उडवतो.

आता आपलं घर. कारण दुसऱ्याच्या घरावर दगड मारणं सोपं.

बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ त्यांच्या मागं १९५७ साली आला. त्यात त्यांनी हा प्रश्न सरळ अंगावर घेतला. मूल आईबापांकडून घेतं, मागच्या जन्माकडून काही घेत नाही. आणि मागच्या जन्माचं कर्म वारशानं चालत येतं असं बुद्धाचं म्हणणं असूच शकत नाही, हा त्यांचा निष्कर्ष. हा सिद्धांत काढला कशाला, असं विचारून ते म्हणतात की गोरगरिबांच्या अवस्थेची जबाबदारी राज्यानं आणि समाजानं झटकावी, यापलीकडे त्याचा हेतू दिसत नाही. मी वर दोन पंचनामे म्हणालो ते याहून वेगळं काही नाही.

संयुत्त निकायात मोळियसीवक नावाचा परिव्राजक बुद्धाला विचारतो, माणसाला जे सुखदुःख होतं ते सगळं मागच्या कर्मानं होतं असं काही लोक म्हणतात, तुमचं काय म्हणणं? बुद्ध कारणं मोजून दाखवतो. पित्त, कफ, वात, तिन्हींचा बिघाड, ऋतूचा बदल, हेळसांड, बाहेरून बसलेला मार, आणि आठवं कर्मफळ. जे सगळं आठव्यावरच ढकलतात ते चुकतात, असं तो सांगतो. हेळसांड आणि मार ही वेगळी कारणं म्हणून अडीच हजार वर्षांपूर्वी मोजली गेली, आणि आपण आजही ती कर्मात बुडवतो.

पण खोटं बोलायचं नाही. त्याच तिपिटकात चूळकम्मविभंग सुत्तही आहे. त्यात थोडं आयुष्य, रोग, दारिद्र्य, हलकं कूळ यांचा हिशेब मागच्या कर्माशी जोडलाय. ते वाचून आज आपल्याच विहारांत, आपल्याच शिबिरांत, नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला सांगणारे निघालेत की ताई, हे जुने संस्कार उफाळून येतायत, शांत बसून बघत राहा. च्यायला, १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला जे मागच्या दारातून बाहेर टाकलं ते पुढच्या दारातून पाली बोलत आत येतंय! ध्यान करा, मन शांत करा, माझी ना नाही. पण नवऱ्याचा हात हा तिचा संस्कार नाही. तो बाहेरून बसलेला मार आहे. त्याला पोलीस ठाणं आहे.

आणि तुम्ही जे कॉलेजात आहात, कंपन्यांत लागला आहात, तुमच्यासाठी याच मालाची नवी आवृत्ती आलीय. तिच्यात मागचा जन्म नाही, म्हणून ती आधुनिक वाटते. २००६ साली 'द सीक्रेट' नावाचं पुस्तक निघालं, जगभर खपलं. तुम्ही जसा विचार करता तसंच तुमच्याकडे ओढलं जातं, असा त्याचा सिद्धांत. चांगलं चिंतलं की गाडी, बंगला. वाईट चिंतलं की रोग, कंगाली. आता मोबाइलवर रोज सकाळी कुणीतरी हेच सांगतो. नोकरी नाही? तुझी मानसिकता नकारात्मक. वसतिगृहात टोमणे मारतात? तू जास्त मनाला लावून घेतोस. मनूनं गुन्हा मागच्या जन्मात शोधला, यांनी डोक्यात शोधला. दोघांचीही झडती आपल्याच खिशाची.

रोहित वेमुलानं १७ जानेवारी २०१६ ला जीव दिला. आपला जन्म हाच आपला जीवघेणा अपघात, असं तो लिहून गेला. अपघात म्हणाला. फळ म्हणाला नाही. मरतानाही त्यानं मनूला कबुली दिली नाही. त्याला सकारात्मक विचाराचे धडे देणारे आजही फिरतायत, आणि त्याला वसतिगृहाबाहेर काढणाऱ्यांना असले धडे द्यावेत असं मात्र कुणाला वाटत नाही.

एक आक्षेप मी नेहमी ऐकतो, आणि तो आपल्याच माणसांचा असतो. गरिबाला तेवढाच आधार आहे रे, तोही काढून घेता? पोरगा गेलेल्या आईनं काय करायचं? माझं उत्तर असं. आईला रडू द्या. तिनं देवाचं नाव घेतलं तर तिच्या तोंडावर हात ठेवू नका. त्या घरात जाऊन भाषण ठोकणारा कार्यकर्ता मलाही नको. पण आधार आणि आरोप यांतला फरक ओळखा. 'आम्ही आहोत' हा आधार. 'तुझं संचित' हा आरोप. दोन्ही एकाच मऊ आवाजात बोलले जातात म्हणून फसायला होतं. आक्काला कुणी लाथेची गोष्ट सांगितली नसती तर तिचा पाय बरा झाला नसता. पण ती एवढी वर्षं रात्री जागी राहिली नसती. पाय पोलिओनं नेला. झोप माणसांनी नेली.

म्हणून यापुढं आपल्या प्रत्येक शाखेनं ठरवायचं. वस्तीत असं मरण झालं की मैतीला दोघांनी तरी बसायचं, आणि तिसऱ्यानं कागदामागं जायचं. पोस्टमॉर्टेम झालं का? त्यात मरणाचं कारण काय लिहिलं? कामाचा आदेश कुणाच्या सहीचा? मुकादम कोण, कंत्राटदार कोण, त्याच्या वरचा अधिकारी कोण? फिर्यादीत २०१३ च्या कायद्याचं कलम आहे का? मेलेला आपल्या जातीचा असेल तर १९८९ चा अत्याचारविरोधी कायदा लावला का? २०१५ च्या दुरुस्तीनंतर हातानं मैला काढायला लावणं हा त्या कायद्याखालीही गुन्हा आहे. बाईला नवऱ्याच्या मागं पांढऱ्या पायाची म्हणणारं तोंड दिसलं तर तिथंच, सौम्यपणे पण सगळ्यांदेखत, मुकादमाचं नाव घ्यायचं. भोग म्हणाला कोणी की विचारायचं, कुणी दिला?

आणि आपल्या भाषेची झाडाझडती घ्यायची. भोग, संचित, प्रारब्ध, पायगुण, ललाटरेषा. या शब्दांना मी शब्दकोशातून हाकला म्हणत नाही. पण ते आपल्या तोंडात कामाला लावलेले आहेत आणि त्यांचा पगार दुसरा कुणीतरी देतोय, एवढं ध्यानात असू द्या.

पुढच्या अंकासाठी कविता येतील, येऊ देत. पण या वेळी प्रत्येकानं एक जादा पान पाठवायचं. तुमच्या वस्तीत, घरात, चाळीत कोण कशानं मेलं किंवा कशानं लुळं झालं. लोक त्याला काय म्हणाले. आणि खरं कारण काय होतं. दोन रकाने आखा, एकात लोकांचं म्हणणं, दुसऱ्यात कारण. ज्यांचं ते दुःख आहे त्यांना विचारून लिहा, आणि त्यांची नावं घालू नका. दुसरा रकाना भरायला वेळ लागेल, वणवण होईल, कचेरीत हाकलतील. भरा. आलेली सगळी पानं आम्ही छापू. कागदाचे पैसे बघू कुठून आणायचे ते.

जय भीम.

— संपादक